बालचित्रकला: शिकवायचं केव्हा, थांबायचं केव्हा

दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, तिथूनच निघालेली निळी नदी, काठावर उतरत्या छपराचं घर, शेजारी नारळाचं झाड आणि आकाशात टिकमार्कासारखे चार-पाच पक्षी. महाराष्ट्रात कुठल्याही शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ असं सांगितलं की बहुतेक वह्यांमध्ये हेच चित्र उमटतं. जालन्याच्या मुलाला शाळेच्या वाटेवर बाभळी दिसतात, ज्वारीची ताटं दिसतात, उन्हाळ्यात टँकरपुढची हंड्यांची रांग दिसते. वहीत मात्र नारळ येतो. हे चित्र मुलानं पाहून काढलेलं नसतं आणि मनानं रचलेलंही नसतं. फळ्यावर बाईंनी, घरी ताईनं किंवा क्लासच्या सरांनी ते त्याच्या हाती दिलेलं असतं. दोनच वर्षांपूर्वी हेच मूल भल्यामोठ्या डोक्यातून थेट पाय फुटलेली माणसं काढत होतं, आजोबांच्या पोटात जेवलेली भाकरी दाखवत होतं. मधल्या काळात काय झालं, हा बालचित्रकलेच्या विचारातला मध्यवर्ती प्रश्न आहे. जगभर त्यावर सुमारे एकशे चाळीस वर्षं विचार चालू आहे आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे.

हा सगळा विचार वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की आपली चूक मुख्यतः वेळेची आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांना चित्र ‘शिकवण्याची’ जवळजवळ गरज नसते. त्यांना आपण हात धरून शिकवतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवणारं माणूस खरोखर हवं असतं. त्यांना आपण वाऱ्यावर सोडतो.

मुलांच्या चित्रांकडे गांभीर्यानं पाहणारं पहिलं पुस्तक इटलीत निघालं. कोर्रादो रिची हा कलेचा अभ्यासक बोलोन्यात पावसापासून आडोसा घ्यायला एका कमानीखाली थांबला आणि भिंतीवर पोरांनी खरडलेली चित्रं पाहत राहिला. त्यातून १८८७ साली त्याचं मुलांच्या कलेवरचं पुस्तक आलं. पुढे फ्रान्समध्ये जॉर्ज-आंरी ल्युके यानं आपल्या मुलीची, सिमोनची, चित्रं वर्षानुवर्षं जपून अभ्यासली आणि १९२७ च्या पुस्तकात एक गोष्ट नेमकेपणानं मांडली: लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं. म्हणून घराच्या भिंतीतून आतली आजी, चूल आणि पाळणा दिसतो. म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं दोन बाजूंना आडवी पडलेली असतात. मूल रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे पाहत असतं. बैलगाडी कुठूनही काढली तरी तिची दोन्ही चाकं पूर्ण गोल असतात, कारण चाक गोल असतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

१९७२ मध्ये नॉर्मन फ्रीमन आणि जानिकून यांनी याची एक साधी चाचणी घेतली. मुलांसमोर कप असा ठेवला की त्याचा कान मागे लपेल आणि त्यावरचं फूल समोर दिसेल. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल सोडून दिलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी बरोबर उलट केलं. हा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरातल्या कपानं कुणालाही करून पाहता येईल. ‘अरे, कान दिसतोय का तुला?’ असं आपण पाच वर्षांच्या मुलाला विचारतो, तेव्हा कप कशानं कप होतो याचं त्यानं दिलेलं उत्तर आपण खोडून काढत असतो. कानाशिवाय तो पेला झाला असता, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे.

त्याही आधीची अवस्था गिरगोट्यांची. दीड-दोन वर्षांचं मूल खडू हाती येताच फरशीवर, भिंतीवर, स्वतःच्या पायावर रेघोट्या ओढतं. ऱ्होडा केलॉग या बालशिक्षिकेनं सॅन फ्रान्सिस्कोत अशा चित्रांचा प्रचंड संग्रह केला, १९६९ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार सांगितले. बिंदू, आडव्या-उभ्या रेघा, वेटोळी, मग बंद झालेलं वर्तुळ, वर्तुळात फुली, वर्तुळाला किरण, आणि त्या किरणांपैकी दोन लांबले की माणूस. तिची मांडणी सगळ्यांना पटली असं नाही. मूल आकारांच्या मागे असतं की अर्थाच्या, हा वाद अजून चालू आहे. गिरगोट्यांना स्वतःचा क्रम असतो आणि त्या पायऱ्या मूल स्वतः चढतं, एवढं मात्र तिनं दाखवलं. लेव्ह व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं तर चित्राला लेखनाची पूर्वतयारीच मानलं: खूण म्हणजे वस्तू नव्हे, पण खुणेनं वस्तू सांगता येते, हा शोध मुलाला आधी चित्रात लागतो. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून बाराखडी गिरवून घेणाऱ्या नर्सऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. गिरगोट्यांचा वेळ कापून आपण अक्षरांचाच पाया काढून घेतो.

मग बिघडतं कुठे? कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यानं आपल्या पुस्तकात एका मुलाच्या पक्ष्यांचं उदाहरण दिलं आहे. आधी मुलाचा स्वतःचा पक्षी; मग कार्यपुस्तिकेतला तयार पक्षी पाहून केलेली नक्कल; आणि त्यानंतर मुलाकडून येणारे सगळे पक्षी त्या छापाचे. आपल्या निसर्गचित्रातले टिकमार्कासारखे पक्षी याच जातीचे. छापील चित्रं रंगवायची पुस्तकं लोवेनफेल्डला घातक वाटत. मला वाटतं, एखाद्या दुपारी मुलानं छापील हत्ती रंगवला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘रेषेबाहेर जाऊ नकोस’ या एका वाक्यानं, आणि चित्रकला म्हणजे रंगभरण एवढंच उरतं तेव्हा. छापील हत्तीपुढे मुलाला कळतं की हत्ती असा असतो आणि तो आपल्याला येत नाही. ‘मला नाही येत, तू काढून दे’ हे पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडचं वाक्य बहुधा तिथून सुरू होतं. अशा वेळी काढून देऊ नये. हत्तीची सोंड कशी वळते, तो कान कसा हलवतो, चालताना पाय कसा टाकतो हे बोलावं, जमलं तर मुलाबरोबर हत्तीसारखं चालून दाखवावं. मग हत्ती कागदावर येतो, आणि तो त्याचा असतो.

दुसरी गोष्ट बक्षिसाची, आणि ती महाराष्ट्राला विशेष लागू आहे. गणेशोत्सवात मंडळाची रंगभरण स्पर्धा, प्रजासत्ताक दिनाला सोसायटीची, बालदिनाला शाळेची, शिवाय कंपन्यांच्या राज्यव्यापी आणि देशव्यापी स्पर्धा. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालशाळेत तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत मार्कर पुन्हा समोर ठेवले. बक्षिसाच्या बोलीवर काढणाऱ्या मुलांनी ८.६ टक्के वेळ चित्रांना दिला. बक्षीस न मिळालेल्यांनी १६.७ टक्के आणि अचानक मिळालेल्यांनी १८.१ टक्के. आवड निम्म्यावर आली ती बक्षिसाच्या आमिषानं. १९८२ मध्ये टेरेसा अमाबिल यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलींकडून कागदी चिकटचित्रं करून घेतली. बक्षिसासाठी चुरशीनं केलेली चित्रं परीक्षक कलावंतांना कमी सर्जनशील वाटली. जिथे बक्षिसं चिठ्ठ्या टाकून वाटली, तिथली चित्रं सरस ठरली. दोन्ही प्रयोग छोटे होते, पण दिशा एकच दाखवतात.

स्पर्धांनी काहीच चांगलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या मुलांच्या स्पर्धेनं मुलांची चित्रं मोठ्यांनी गंभीरपणे पाहण्याजोगी असतात हे देशाला दाखवलं. कॅम्लिनच्या रंगपेटीनं आणि स्पर्धांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या हाती पहिला ब्रश दिला. तरीही आठ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा बंद व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्या जागी प्रदर्शन भरवा. प्रत्येकाचं चित्र लागावं, आणि ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लागावं, मोठ्यांच्या नव्हे.

आता उलट बाजू पाहू. ‘मुलांना फक्त मोकळं सोडा’ हाही विचार जुना आहे. व्हिएन्नात फ्रांझ चिझेक यानं १८९७ साली मुलांचा कलावर्ग सुरू केला, मुलांना त्यांच्या पद्धतीनं वाढू द्यायचं हे त्याचं ब्रीद होतं आणि त्या वर्गातली चित्रं पुढे युरोपभर गाजली. पण टीकाकारांच्या लवकरच लक्षात आलं की ही ‘मोकळी’ चित्रं एकमेकांसारखी दिसतात. शिक्षकाची आवड वर्गात न बोलताही उतरते. अमेरिकेतल्या ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन यांनी याहून पुढे जाऊन सांगितलं की मुलं चित्रं मुख्यतः दुसऱ्या चित्रांवरूनच शिकतात. कॉमिक्स, भिंतींवरची चित्रं, मोठ्या भावाची वही हे सगळे त्यांचे गुरू. म्हणजे नक्कल मुळातच वाईट नाही. नक्कल कशाची, हे पाहायला हवं.

हा फरक समजून घ्यायला आपल्याकडे डहाणू तालुक्याइतकं चांगलं ठिकाण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. ताराबाईंची घडण माँटेसोरी पद्धतीतली. स्वतः मारिया माँटेसोरींना मुक्त चित्रकलेचं फारसं कौतुक नव्हतं. हात आणि डोळा साधनांनी तयार केला की चित्र आपोआप येईल असा त्यांचा विश्वास होता. पण इथे साधनं परदेशातून आणणं परवडणारं नव्हतं, आणि वारली पाड्यांवरच्या मुलांना ती परकीही होती. म्हणून बिया, पानं, शिंपले, माती हे बालवाडीचं साहित्य झालं. ज्या घरांतून ही मुलं येत होती, तिथे लग्नाच्या वेळी सवाष्ण बायका गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहीत. मुलं ते पाहत मोठी होत. त्रिकोण-त्रिकोणाची माणसं, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, झाडं, जनावरं हे सगळं परंपरेनं आलेलं. पण त्या भाषेत काय सांगायचं, ते सांगणाऱ्याचं. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नाच्या चौकाबाहेर पडून त्याच आकारांत मासेमारी, मुंग्यांचं वारूळ, गोष्टी आणि रोजचं जगणं मांडलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेत मात्र ‘वारली बॉर्डर काढा’ म्हणून तोच नाचणारा फेर मापानं उतरवून घेतात. एखादी चित्रभाषा शिकणं आणि एखादं पुरं झालेलं चित्र उतरवणं, यांत हे अंतर आहे. पहिल्यानं मूल बोलतं होतं.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला देवी प्रसाद यांनी केलेलं काम मराठी शिक्षकांनी पुन्हा वाचायला हवं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकून ते १९४४ मध्ये गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. नई तालीममध्ये सूतकताई आणि शेती मुख्य. तिथे चित्रकलेला जागा कशी, असा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, हे देवी प्रसाद यांचं उत्तर होतं आणि त्यांनी त्यावर हिंदी-इंग्रजीत पुस्तकं लिहिली. मुलाला आपलं मन निर्मितीतून मोकळं करता आलं तर ते मोडतोडीकडे, हिंसेकडे कमी वळेल, असा त्यांचा विश्वास होता. पुढे जागतिक युद्धविरोधी चळवळीत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, ते याच विश्वासातून.

आठ-नऊ वर्षांच्या वयात काहीतरी बदलतं. मूल आता स्वतःच्या चित्राकडे मोठ्यांच्या नजरेनं पाहू लागतं. हात नीट आला नाही, घोडा कुत्र्यासारखा झाला, म्हणून पान फाडतं. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं की चित्रातली अभिव्यक्ती लहानपणी उंच असते, या वयात खाली येते आणि मोजक्यांच्या बाबतीतच पुन्हा वर चढते. १९९७ मध्ये पॅरिसर आणि व्हान डेन बर्ग यांनी यावर रास्त शंका घेतली: चिनी वंशाच्या कॅनेडियन परीक्षकांना ही घसरण दिसलीच नाही, त्यांना मोठ्यांची कुशल चित्रंच चांगली वाटली. म्हणजे घसरण काही अंशी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. तरी मुलाला स्वतःला वाटणारी नामुष्की खरी असते, आणि इथेच शिक्षक लागतो. पुढची वस्तू मागच्या वस्तूला कशी झाकते, दूरचं लहान का दिसतं, सावली कोणत्या बाजूला पडते, दोन रंग मिसळले की काय होतं, हे या वयात मूल स्वतःहून विचारतं. समोरची चप्पल, बादली, घराबाहेरचं शेवग्याचं झाड बघून काढणं आता त्याला आवडतं. चित्रं पाहायला शिकवण्याचीही हीच वेळ. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ त्यासाठी मराठीत उपलब्ध आहे, ते प्रत्येक शाळेच्या कपाटात असावं.

आपली व्यवस्था नेमकी इथे पोकळ आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९, याच्या अनुसूचीत कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, ती सहावी ते आठवीसाठी आणि शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांत. पहिली ते पाचवीला कलाशिक्षक कायद्यात नाहीच. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत चित्रकलेचा तास गणिताकडे जातो, आणि त्याबद्दल त्या शिक्षकांना दोष देणं अन्यायाचं होईल. मग सातवी-आठवीला एकदम कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा येतात: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. या परीक्षांची घडण इंग्रजी अमदानीत आलेल्या, लंडनमधल्या दक्षिण केन्सिंग्टन कलाशाळेच्या शिस्तीची आहे. तिनं अनेकांचा हात घडवला हे खरं. पण दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून स्मरणचित्राचेही ठोकळे तयार झाले. ‘बाजार’, ‘बसस्टॉप’ आणि ‘वर्षासहल’ या विषयांची माणसं आधीच पाठ करून ठेवली जातात. स्मरण ज्याचं त्याचं नसेल तर परीक्षा कशाची?

घरी काय करावं, यातलं बरंचसं स्वस्तात होतं. पाठकोरे कागद, जुन्या कॅलेंडरची पानं, किराण्याच्या पुड्याचा खाकी कागद. लहान मुलाला छोट्या वहीपेक्षा मोठा कागद आणि जाड ब्रश द्यावा, कारण त्याची रेघ खांद्यातून येते, बोटांतून नव्हे. चोवीस रंगांची पेटी लागत नाही. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा पोस्टर कलर दिला की हिरवा आणि जांभळा मूल स्वतः शोधतं. गेरू, कोळसा, तांदळाचं पीठ, हळद घरात असतेच. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे पाहिलेलं मूल अर्धा तास दुसरं काही करत नाही. आणि रंगापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे चित्रात घालायला अनुभव. कल्पना हवेतून येत नाही, जगलेल्यातून येते, असं व्हिगोत्स्कीनंच म्हटलं होतं. पोळ्याचे मातीचे बैल आणि दिवाळीचा किल्ला ही आपल्याकडची सर्वांत सकस बालकला आहे असं मला मनापासून वाटतं. तिथे मुलं माती कालवतात, उतार ठरवतात, अळीव पेरून शेत तयार करतात, आणि कुणी मार्क देत नाही. प्लास्टरचा तयार किल्ला विकत आणणाऱ्या पालकांनी त्या दोन दिवसांची किंमत करून पाहावी.

बोलावं कसं, हेही शिकावं लागतं. ‘हे काय काढलंयस?’ यात चित्र न कळल्याची तक्रार ऐकू येते. नुसतं ‘छान’ म्हटलं की बोलणं संपतं. त्यापेक्षा ‘इथे खूप दाबून रंगवलंस’, ‘हा माणूस सगळ्यांपेक्षा मोठा आहे’ असं दिसतं ते सांगावं आणि थांबावं. मूल पुढचं सांगतं. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांनी, जिथे लोरिस मालागुत्सींनी प्रत्येक शाळेला रंगशाळा आणि तिथला कलावंत दिला, हे ऐकणं पद्धतीत बसवलं: मुलाचं बोलणं शब्दशः टिपायचं आणि चित्राबरोबर जपायचं. काळा रंग वापरला म्हणून मूल दुःखी आहे, असले निष्कर्ष मात्र काढू नयेत. पांढऱ्या कागदावर काळं सर्वांत उठून दिसतं, एवढंच कारण पुष्कळदा असतं. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये माणसाच्या चित्रावरून बौद्धिक वाढ मोजायची चाचणी केली आणि बडोद्यात प्रमिला फाटक यांनी ती भारतीय मुलांसाठी बसवली. ती प्रशिक्षितांनी वापरायची साधनं आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतली रंगज्योतिषं नव्हेत.

२०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी सौंदर्यदृष्टी आणि सांस्कृतिक विकास हे स्वतंत्र क्षेत्र मानतो. कागदावर ही मोठी गोष्ट आहे. ती वर्गात उतरायची तर सुरुवात अंगणवाडी सेविकेपासून व्हावी. आज तिच्या हाती तक्ते, नोंदवह्या आणि मोबाइल अ‍ॅप असतं; रंगाचे डबे फार थोड्या ठिकाणी. तिच्या प्रशिक्षणात एक पूर्ण दिवस तिनं स्वतः खाली बसून, मोठ्या कागदावर, कुणी नमुना न देता चित्र काढण्याचा असावा. पुष्कळ सेविकांना शाळेत ‘तुला चित्र येत नाही’ हे ऐकावं लागलेलं असतं, आणि मुलांसमोर फळ्यावर नारळाचं झाड काढून देणारा हात तिथूनच आलेला असतो. त्यानंतर राज्यानं दर अंगणवाडीला वर्षाला चार रंगांचे डबे, जाड ब्रश आणि न्यूजप्रिंटचं एक रीळ द्यावं, आणि तिसरी ते पाचवीसाठी केंद्रस्तरावर फिरता कलाशिक्षक नेमावा. एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालेले शेकडो तरुण शिक्षक त्या नेमणुकीची वाट पाहत आहेत.